राजाईचं गाऱ्हाणं

औंढा नागनाथच्या गाभाऱ्यात उतरताना डोकं सांभाळा. पायऱ्या अरुंद आहेत, छत अंगावर आलंय आणि मागून येणाऱ्याचा गुडघा तुमच्या पाठीला लागतोय. खाली पिंडीपाशी बसूनच दर्शन घ्यायचं. ताठ उभं राहण्याची सोय या तळघरात नाही. बेल वाहा, कपाळ टेकवा आणि वर या.

वर आलात की आधी कानांना फरक कळेल. रांगेतला एकही मोबाइल वाजत नाहीये. देवळाचा वरचा भाग ओळखीचा वाटत नाही, कारण आज दिसतो तो पुढे अहिल्याबाई होळकरांच्या काळातल्या जीर्णोद्धारात उभा राहणार आहे. आत्ता देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव आहे आणि तेरावं शतक संपत आलंय. खिशातल्या नोटा बाहेर काढू नका, इथे दाम आणि आसू चालतात. भूक लागली तर भाकरी मिळेल, पण मिरचीचा ठेचा मागू नका. मिरची हिंदुस्थानात यायला अजून दोनशे वर्षं आहेत. तिखट म्हणजे मिरं. शिवारात सोयाबीनचा पत्ता नाही. ज्वारी, तूर, तीळ आणि कापूस.

तुम्ही आलात ते देवदर्शनाला नाही. नवरा-बायको एकमेकांना धरून कशाच्या बळावर राहतात, हे बघायला आलात. बरोबर आणली आहे ती जर्मनीत मुळं धरून अमेरिकेत वाढलेली गेस्टाल्ट उपचारपद्धती. माणूस आत्ता काय अनुभवतोय आणि समोरच्याला कसा भेटतोय, यावर तिची सगळी भिस्त. दुखणं एकट्याच्या डोक्यात शोधण्यापेक्षा ती दोघांच्या मधल्या जागेत शोधते. हिंगोली जिल्ह्याच्या या मातीशी तिचा काय संबंध, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा.

एक अट मात्र आधीच मान्य करा. इथून पुढे दिसेल ते सगळंच कागदपत्रांवर सिद्ध होणारं नाही. संतचरित्रकार महिपतींनी ‘भक्तविजय’ पुरा केला तो १७६२ मध्ये, तुम्ही इथे ज्यांना भेटणार आहात त्या संत नामदेवांनंतर चारशे वर्षांनी. तेव्हा तुम्ही फिरताय ते लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगून जपलेल्या काळात. नात्यांच्या बाबतीत लोकांनी काय जपलं, हाही एक पुरावाच असतो.

पिंडीवरचे पाय

आता पुन्हा आत वळा. एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून निवांत आडवा झालाय. हे विसोबा खेचर. दारात उभा असलेला, रागानं लाल झालेला तरुण म्हणजे नामदेव.

नामदेव इथे का आलेत, ते ठाऊक असलेलं बरं. तेरला संतांची बैठक बसली होती. गोरोबाकाकांनी मडकी घडवायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव उसळले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो असा लाडका भक्त, आणि कच्चा! तो अपमान उरात घेऊन ते गुरूच्या शोधात औंढ्याला पोचलेत, आणि बघतात तर गुरूचे पाय थेट देवावर.

पुढचं नीट बघा. विसोबा उपदेश करत नाहीत. देव सर्वत्र असतो, वगैरे एक वाक्य ते बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी म्हातारा, मला हलवत नाही. तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे नेऊन ठेव. नामदेव पाय उचलतात, बाजूला ठेवतात, तिथे पिंडी उगवते. दुसरीकडे ठेवतात, तिथेही पिंडी. देव कुठे असतो आणि कुठे नसतो, याचा लहानपणापासून पाठ केलेला हिशेब नामदेवांच्या स्वतःच्या हातांनी खोटा ठरतो.

गेस्टाल्टवाले याला ‘प्रयोग’ म्हणतात. समजावून सांगायचं नाही, माणसाला काहीतरी करायला लावायचं आणि करता करता त्याचं त्याला कळू द्यायचं. या पद्धतीचा जनक फ्रिट्झ पर्ल्स याचं १९४२ सालचं पहिलं पुस्तक भूक आणि चावण्यावरच उभं आहे. त्याचं म्हणणं असं, की लहानपणी आपण कितीतरी नियम न चावता गिळतो. ते पचत नाहीत आणि बाहेरही पडत नाहीत, पण आयुष्यभर आपल्या तोंडून बोलत राहतात. आपल्याकडच्या संसारातले असे घास मोजायला दूर जायला नको. पदरी पडलं पवित्र झालं. बाईच्या जातीनं सोसावं. पुरुषानं डोळ्यात पाणी आणू नये. घरातलं बाहेर काढू नये. यातला एखादा चावून पाहिल्यावर खरोखर आपला निघेलही, मग तो ठेवावा. पण ‘आमचं लग्न टिकलंय’ असं म्हणणाऱ्या कितीजणांचं लग्न त्यांनी टिकवलंय आणि कितीजणांचं या गिळलेल्या नियमांनी, हे विचारायला हरकत नाही.

नरसी ते पंढरी

औंढ्याहून नरसीकडे चला. ही कयाधू. पुढे जाऊन ती पैनगंगेला मिळते. काठावरचं हे गाव नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. परंपरेनं दिलेलं साल १२७०. तुमच्या काळात इथे नामदेवांचं मंदिर असेल आणि शीख भाविकही माथा टेकायला येतील, कारण नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. आत्ता मात्र हे साधं खेडं आहे आणि नामदेवांचं घराणं शिंप्याचं.

शिंप्याच्या ओट्यावर घटकाभर टेका आणि त्याच्या हाताकडे बघा. दोन कापडं तो काठाला काठ लावून जोडतोय. शिवण पडली तरी कापडं दोनच राहतात, आणि दोन राहतात म्हणूनच शिवण धरते. एकावर एक चिकटवून टाकली तर अंगरखा होत नाही, लगदा होतो. फार दूर धरली तर टाका हवेत पडतो. गेस्टाल्ट ज्याला संपर्काची सीमा म्हणते ती ही जागा. मी संपतो आणि तू सुरू होतोस, ती रेघ. दोघं तिथेच भेटतात आणि तिथेच वेगळे राहतात. आपल्याकडे ‘दोन देह एक जीव’ ही संसाराची मोठी शाबासकी. या पद्धतीच्या लेखी तो धोक्याचा इशारा आहे. तिला काय हवंय हे त्याला न विचारताच ‘माहीत’ असतं, त्याला राग आला की तिला आपोआप अपराधी वाटतं, आणि दोघांचं मिळून एकच मत असतं, बहुधा त्याचं.

आता पंढरपूर. नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरात शिरताना पायरीवर जपून.

घरात माणसंच माणसं. सासरे दामाशेटी, सासू गोणाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं, त्यांच्यामागे सुना, कामाला गंगाखेडहून आलेली, विठ्ठलाशी हक्कानं भांडणारी जनी. आणि चुलीपुढे नामदेवांची बायको राजाई. डब्यात पीठ किती आहे, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. नवरा देवळात आहे. तो नेहमी देवळातच असतो. येतो तेव्हा चार साधूंना घेऊन येतो, आणि पानं वाढायची असतात.

आज मात्र तिच्या चेहऱ्यावर वेगळा उजेड आहे. शेजारच्या परिसा भागवताच्या बायकोनं, कमळजेनं, तिला गुपचूप परीस दिलाय. लोखंडाला लावला, सोनं झालं. दाणागोटा आला, घरात बऱ्याच दिवसांनी चांगलंचुंगलं शिजलं. नामदेव येतात, विचारतात, परीस मागून घेतात आणि चंद्रभागेत फेकून देतात.

कथा पुढे नामदेवांच्या बाजूनं जाते. परिसा धावत येतो, नामदेव नदीत हात घालून ओंजळभर खडे काढतात, सगळेच परीस निघतात, परिसाचे डोळे उघडतात. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. तुम्ही मात्र नदीकडे धावू नका, राजाईजवळ थांबा. तिच्या हातातून वस्तू गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निर्णय गेला. ज्याचा भार ती रोज उचलते त्या घराबद्दल एक मोठा निवाडा झाला आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. नामदेवांचं वैराग्य खरं होतं, पण त्याची किंमत दोघांच्या खात्यावर पडली आणि सही एकाचीच होती.

अशा वेळी बाईला दोन वाटा असतात. पहिली, गिळायचं. रागाचा रोख बाहेर न जाता आत वळतो. मग डोकं दुखतं, कंबर धरते, ताटल्या आपटतात, आणि विचारलं तर ‘काही नाही’. पर्ल्सच्या भाषेत, जगाला करायचं ते माणूस स्वतःला करत बसतो. राजाई दुसरी वाट घेते. ती पदर खोचून रुक्मिणीकडे जाते आणि तोंडानं सांगते: तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलं, घरात खायला नाही, लेकरांच्या अंगावर धड कापड नाही, तू तुझ्या विठोबाला समजाव. गोणाईही मागे नाही. ती थेट विठ्ठलाशी भांडते, माझा मुलगा मला परत दे म्हणते.

रुक्मिणीचीच निवड का, ते तिच्या राउळाकडे पाहिलं की कळतं. ती विठ्ठलाशेजारी उभी नाही. तिचं देऊळ वेगळं आहे, मागच्या बाजूला. रुसून दिंडीरवनात आलेली ही देवी. तिच्या मागे देव आला आणि इथलाच झाला. वारकऱ्यांनी हे जोडपं असंच ठेवलं, दोन देवळांत, आणि तरी जगातलं एक आदर्श जोडपं मानलं. रुसायला जागा आहे, समजूत काढायला वाट आहे, मध्ये चालण्यापुरतं अंतर आहे.

राजाईच्या नावावरचे हे अभंग तिनंच रचले की कुणी तिच्या आवाजात रचले, यावर अभ्यासक वाद घालोत. तुम्ही एवढंच टिपून घ्या, की ते नामदेवांच्या गाथेतच आहेत. ज्याची कीर्ती पंजाबपर्यंत गेली, ज्याच्या नावाच्या देवळातल्या पायरीवर माणसं आजही पाय द्यायला कचरतात, त्याच्या गाथेत त्याच्याच बायकोची तक्रार आहे आणि सातशे वर्षांत कुणी ती पानं फाडली नाहीत.

फ्रँकफुर्ट, मग बर्लिन

आता लांबची उडी, गेस्टाल्टच्या मुळांकडे. साल १९२६, गाव फ्रँकफुर्ट. कुर्ट गोल्डश्टाइन यांच्या संस्थेत पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेले सैनिक आहेत. इथले डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतायत: जखम एका जागी असते, पण जगण्याची घडी सगळ्या माणसाची बदलते. तुकड्याकडे बघून माणूस कळत नाही. या संस्थेत तेहेतीस वर्षांचा फ्रिट्झ पर्ल्स मदतनीस आहे. इथेच त्याची भेट लोरे पोझनर या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीशी होते. पियानो वाजवणारी, नृत्य शिकलेली, गेस्टाल्ट मानसशास्त्राची अभ्यासक. ‘मी आणि तू’ या नात्यावर पुस्तक लिहिणाऱ्या मार्टिन बुबर यांच्याकडे ती शिकली. १९३० मध्ये दोघांचं लग्न होईल. तीन वर्षांत हिटलर येईल आणि ज्यू असल्यामुळे त्यांना घर सोडावं लागेल. आधी ॲमस्टरडॅम, १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिका, महायुद्धानंतर न्यूयॉर्क. तिथे लोरेची लॉरा होईल.

वाटेत बर्लिनला जरा थांबा. ब्लूमा झायगार्निक ही तरुण संशोधक लोकांना छोटी छोटी कामं देतेय आणि काही कामं मध्येच थांबवतेय. १९२७ मध्ये ती लिहिते, की पूर्ण झालेल्यापेक्षा अपुरी राहिलेली कामं लोकांना जास्त आठवतात. पुढच्या प्रयोगांत हा फरक प्रत्येक वेळी सापडला नाही, हेही खरं. पण गेस्टाल्ट उपचारांनी त्यातला गाभा उचलला: अपुरं राहिलेलं माणसाला ओढत राहतं. लग्नातला मानपान, पहिल्या बाळंतपणाला न आलेला नवरा, बापाच्या आजारपणात न मिळालेली रजा. वीस वर्षांनी भांडण भाजीतल्या मिठावरून पेटतं आणि तासाभरात त्या जुन्या जागी जाऊन थांबतं. माणूस उकरून काढतो म्हणून त्याला खोडसाळ ठरवणं सोपं. त्याचं काहीतरी सांगायचं राहून गेलंय, हे ऐकणं अवघड.

न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया

१९५२. मॅनहॅटनमधल्या पर्ल्स कुटुंबाच्या घरात उपचारांचे गट भरतायत, न्यूयॉर्क गेस्टाल्ट संस्था सुरू झालीय. आदल्याच वर्षी राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांच्याबरोबर फ्रिट्झचं दुसरं मोठं पुस्तक आलंय. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा. लॉरा समोरच्या माणसाच्या बोलण्याआधी त्याचं बसणं बघते. पाय जमिनीला टेकलेत का? श्वास कुठे अडकतोय? तिचा सगळा जोर आधारावर. ज्याच्या स्वतःच्या पायांखाली काही नाही तो दुसऱ्याला भेटू शकत नाही. तो एकतर त्याच्यावर रेलतो किंवा त्याच्यापासून पळतो.

फ्रिट्झ मात्र टिकून बसणारा नाही. काही वर्षांत तो बाहेर पडतो: फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, शेवटी कॅनडा. १९६४ नंतर कॅलिफोर्नियातल्या एसालेनच्या समुद्रकड्यावर त्याची शिबिरं गाजतात. तिथे त्याची रिकामी खुर्ची बघून घ्या. ही कल्पना त्यानं जेकब मोरेनोच्या मनोनाट्यातून घेतली. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यात मेलेला बाप, सोडून गेलेली बायको, रुसलेला मुलगा बसलाय असं मानायचं आणि त्याच्याशी बोलायचं. त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी. मग उठून त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या बाजूनं उत्तर द्यायचं. एसालेनला आलेल्या अमेरिकनांना हे नवल वाटतं. तुम्ही नुकतेच पंढरपूरहून आलात. विठ्ठलाला उभं करून जाब विचारणारी गोणाई आणि त्याला हक्कानं शिव्या घालणारी जनी तुम्हाला ठाऊक आहे.

याच काळात फ्रिट्झची ती प्रसिद्ध ‘प्रार्थना’ अमेरिकेभर भिंतींवर लागते. तिचा सूर असा: तू तुझं बघ, मी माझं बघतो, भेटलो तर छान, नाही भेटलो तर इलाज नाही. गुदमरलेल्या माणसाला तिनं श्वास दिला. पण तिच्यावर संसार उभा राहत नाही, हे पुढच्या पिढीतल्या गेस्टाल्टवाल्यांनीच सांगितलं. भेट योगायोगावर सोडली की निष्ठेला काही कामच उरत नाही. लॉरा न्यूयॉर्कमध्ये राहिली, संस्था तिनं सांभाळली, शिष्य घडवले, आणि बांधिलकीबद्दल बोलत राहिली. पहिल्या पुस्तकातला तिचा वाटा सुरुवातीला मान्य झाला होता, पुढच्या आवृत्तीत तो उल्लेखही गेला. दोघं वेगळे राहिले, घटस्फोट कधी घेतला नाही. १९७० मध्ये फ्रिट्झ शिकागोत वारला. नात्यांवर इतकं लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं नातं असं अर्धवट उघडं राहिलं, म्हणून त्याची पद्धत खोटी ठरत नाही. पण स्वातंत्र्याचं कौतुक करताना घर कोण सांभाळत होतं, हा प्रश्न न्यूयॉर्कलाही लागू पडतो.

केप कॉड

एक छोटा थांबा, १९८०च्या दशकात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर सोनिया नेव्हिस आणि जोसेफ झिंकर जोडप्यांबरोबर काम करतायत. नवरा आणि बायको दोघंही त्यांच्याकडे तोंड करून बसलेत, न्यायाधीशापुढे बसावं तसे. पहिली सूचना येते: एकमेकांकडे वळा आणि आपापसांत बोला. मग सल्लागार मागे सरकून नुसता बघत राहतो.

थोड्या वेळानं तो तोंड उघडतो ते चूक दाखवायला नाही. तुम्ही दोघं मिळून काय चांगलं करता, ते तो आधी सांगतो. भांडताना तुम्ही एकमेकांचं वाक्य तोडत नाही. तुम्ही दोघंही अवघड विषयाला हात घालायला घाबरत नाही. जे नुकतंच डोळ्यांसमोर घडलं तेवढंच. नंतर तो कच्ची बाजू दाखवतो आणि शेवटी एक प्रयोग देतो. या शाळेचा आशावाद तो एवढाच आणि तो बराच कोरडा आहे. ‘होईल सगळं ठीक’ असं इथे कुणी म्हणत नाही. माणसं आज जशी वागतायत त्यात काहीतरी कौशल्य आहेच, आणि त्याच्याच जोरावर पुढचं शिकता येईल, असा हा भरवसा. अर्नॉल्ड बाइसर यांनी १९७० मध्ये हेच उलट बाजूनं मांडलं होतं: माणूस नसलेलं सोंग आणायची धडपड सोडून आहे तसा पुरता उभा राहतो, तेव्हा बदल सुरू होतो.

हिंगोली, आज

परतलात. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा, हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड. नाकात पहिल्याच श्वासाला हळद जाते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, हमालांच्या पाठी पिवळ्या, बीट पुकारलं जातंय. मापाड्याचा काटा चालू आहे. कांडीच्या ढिगाशेजारी एक जोडपं उभं आहे. तो हातातली हिशेबाची पट्टी घडी करतोय. ती एसटीतून नुकतीच उतरून आलीय. नऊ महिने हळद शेतात होती. काढताना, शिजवताना, अंगणात वाळवताना आणि निवडताना तिचे हात त्याच्याइतकेच, खरं तर जास्त, पिवळे झालेत.

“बीट निघालं तवा फोन का न्हाई केला?”

“भाव पडायलाय म्हणले आडते. इकून टाकली.”

“इकली ते इकली. मला इचारायचं व्हतं.”

“तुला इचारून काय? तू नगं म्हणली असती.”

“म्हणले असते का न्हाई, ते इचारल्यावर कळलं असतं.”

मध्ये पडू नका. केप कॉडला शिकलात ते वापरा आणि आधी चांगलं काय चाललंय ते बघा. तिनं सासूला यात ओढलं नाही. मागच्या वर्षीचं काढलं नाही. आजची गोष्ट आज, ज्याला सांगायची त्यालाच, तोंडावर सांगितली. तो चहाच्या टपरीकडे सटकला नाही. उभा राहिला आणि खरं कारण बोलला, ते तिला आवडणार नाही हे माहीत असूनही. आता कच्ची बाजू: तिचं उत्तर त्यानं स्वतःच देऊन टाकलं होतं. परीस फेकताना नामदेवांनी केलं तेच. यानं सोन्याचा मोह सोडला नाही, रास्त कारणानं माल विकला, एवढाच फरक. विचारलं असतं तरी कदाचित आजच, याच भावानं विकली गेली असती. पण ती दोघांनी विकली असती.

तो घडी केलेली पट्टी उलगडून तिच्या हातात देतो. ती वजन वाचते, हमाली, तोलाई वाचते आणि एका आकड्यावर बोट ठेवून म्हणते, “हे काय लावलंय?” त्यालाही माहीत नसतं. दोघं मिळून आडत्याच्या गादीकडे वळतात.

आता तुमच्या घरचं. आधी एक वेगळं करून ठेवा: जिथे हात उगारला जातो, जिथे बोलायच्या आधी तोंड बघून घ्यावं लागतं, तिथे यातलं काहीही लागू नाही. भीती असेल तिथे भेट होत नाही. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. तिथे आधी सुरक्षितता, निष्ठेची चर्चा नंतर. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

पण जिथे भीती नाही, फक्त सवय झालीय, तिथे एक हिशेब मांडून बघा. आपल्याकडे चांगला संसार म्हणजे आवाज बाहेर न जाणारा संसार, अशी समजूत आहे. राजाईनं सांगितलं ते याच्या नेमकं उलट. जी बाई देवळापर्यंत चालत जाऊन गाऱ्हाणं घालते, तिला अजून वाटतं की कुणीतरी ऐकेल आणि काहीतरी हलेल. आशा सोडलेला माणूस तक्रार करत नाही, तो व्यवहारापुरतं बोलतो: दूध आणा, बिल भरा, किल्ली ठेवलीय. तेव्हा घरात कटकट थांबली म्हणून समाधान मानायच्या आधी ती मिटली की थिजली, हे तपासून घ्या. निष्ठा तपासायची तर लग्नाला किती वर्षं झाली हे मोजून भागत नाही. तुमच्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या माणसानं तुम्हाला शेवटची कधी सांगितली, आणि सांगितल्यावर तुम्ही उभे राहिलात का, एवढे दोन प्रश्न पुरतात. पहिल्याचं उत्तर आठवत नसेल, तर जाऊन विचारा. ऐकताना सफाई देऊ नका. पहिल्या वेळी बहुधा ‘काही नाही’ असंच उत्तर येईल. दुसऱ्यांदा विचारणं, हीच बांधिलकी.